पहिल्यांदा फॉरेनला चाललाय? कोण कुठे अडवतं आणि काय बघतं ते आधी समजून घ्या

एप्रिल-मेच्या सुट्ट्या जवळ आल्या की नाशकात कॉलनी-कॉलनीतनं कोणीतरी बँकॉकला नाहीतर सिंगापूरला निघालेलं असतं, कोणी दुबईला भावाकडे, आणि कोणाचे तरी आईबाबा पहिल्यांदाच अमेरिकेला लेकीकडे. प्रश्न मात्र सगळ्यांचे तेच. व्हिसा लागतो का, परतीचं तिकीट दाखवावंच लागतं का, फराळाचं नेलं तर चालतं का, तिथला साहेब इंग्रजीत काय विचारतो. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवतो, लांबलचक आहे पण सवडीने वाचा.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, व्हिसा हातात आला म्हणजे एन्ट्री झाली असं नसतं. तुम्हाला चार ठिकाणी चार वेगळी माणसं तपासतात. मुंबईत एअरलाइनचा चेक-इन काउंटर, मग मुंबईतच आपलं भारताचं इमिग्रेशन (पासपोर्ट तपासणी), मग उतरल्यावर तिकडचं इमिग्रेशन, आणि शेवटी तिकडचं कस्टम (सामानाची तपासणी). लोकांना धाकधूक असते ती तिसऱ्याची, पण माझ्या बघण्यात बहुतेकांचा घोळ पहिल्याच ठिकाणी होतो, म्हणजे अजून सहार गावाची, म्हणजे मुंबई एअरपोर्टची, हद्द ओलांडली नाही तोवर ट्रिप संपली. त्याचं कारण असंय की कागद अपुरे असलेल्या माणसाला तिकडच्या देशाने परत पाठवलं तर त्याला परत आणायची जबाबदारी एअरलाइनवर येते, वर बऱ्याच देशांत दंडही होतो. म्हणून काउंटरवरची मुलगी टिमॅटिक नावाच्या सिस्टिममध्ये तुमचा पासपोर्ट कुठला आणि जायचं कुठे हे टाकून नियम बघते आणि त्यात जे लिहिलंय ते तुमच्याकडे नसेल तर बोर्डिंग पास देत नाही. तिच्याशी वाद घालून काही होत नाही, तिच्या हातात नसतं ते. तेव्हा सगळी तयारी तिच्या नजरेने करायची.

पासपोर्टपासून सुरुवात

आपला पासपोर्ट छापला जातो तो आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, पण म्हणून नाशिककरांना काही सवलत नाही. तारीख बघा. बहुतेक देशांना तिथे पोचायच्या दिवसापासून पुढे किमान 6 महिने पासपोर्ट चालू लागतो. सिंगापूर, थायलंड, मलेशिया, दुबई सगळीकडे हाच हिशोब धरा. युरोपचं गणित वेगळं आहे, तिथून निघायच्या तारखेनंतर 3 महिने व्हॅलिड पाहिजे आणि पासपोर्ट गेल्या 10 वर्षांतलाच पाहिजे. आणि कोरी पानं, निदान दोन.

लहान मुलांच्या पासपोर्टवर विशेष लक्ष द्या. मोठ्यांचा 10 वर्षांचा असतो म्हणून आपण निश्चिंत असतो पण मुलांचा 5 वर्षांचाच, आणि तो कधी संपत आला ते कोणाच्या लक्षातच राहत नाही. मोठ्यांच्या साध्या 36 पानी पासपोर्टला 1500 रुपये आणि तत्काळ पाहिजे असेल तर वर 2000, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात पळापळ करण्यापेक्षा आज कपाटातून सगळ्यांचे काढून तारखा बघून घ्या.

घरातल्या वयस्कर लोकांच्या जुन्या पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असा शिक्का असू शकतो. दहावी पास नसलेल्यांना तो लागतो आणि आखाती देशांसकट 18 देशांत नोकरीसाठी जायचं असेल तरच त्याची वेगळी परवानगी घ्यावी लागते. फिरायला चाललेल्यांना ती लागत नाही, पण मुंबईच्या इमिग्रेशनला दोन प्रश्न जास्त विचारतात, म्हणून परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग वरच ठेवा. वयाची 50 ओलांडलेल्यांना ईसीआर लागू होत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी रि-इश्यू करताना तो काढून घेता येतो.

नावाची भानगड

हे आपल्या मराठी लोकांत फार होतं. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असं दोन्ही असतं, सरनेममध्ये आडनाव. तिकीट काढताना मुलगा घाईत नुसतं नाव-आडनाव टाकतो. बऱ्याच एअरलाइन यावर काही म्हणत नाहीत, पण व्हिसाच्या फॉर्मवर एक आणि तिकिटावर भलतंच असं नको. सरळ नियम ठेवा, पासपोर्टमध्ये जसं छापलंय तसंच्या तसं, स्पेलिंगसकट, सगळीकडे. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव झालंय आणि पासपोर्ट अजून माहेरच्या नावाचा आहे अशा ताईंनी तिकीट आणि व्हिसा पासपोर्टच्याच नावाने काढायचा, आधार तिकडे कोणी विचारत नाही. पासपोर्टवर नुसतं एकच नाव आहे, आडनावाची जागा रिकामी, असं असेल आणि दुबईला जायचं असेल तर आधी पासपोर्ट दुरुस्त करा, कारण यूएईने नोव्हेंबर 2022 पासून एकाच नावाचे पासपोर्ट घ्यायचं बंद केलं.

कुठल्या देशाला काय

इथे एजंटच्या तोंडी माहितीवर जाऊ नका, दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मेव्हण्याच्या तर अजिबातच नको. हे नियम बदलत असतात, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी एकदा आणि निघायच्या आठवड्यात परत एकदा त्या देशाच्या सरकारी साइटवर जाऊन स्वतः वाचायचं.

थायलंडने जुलै 2024 पासून भारतीयांना व्हिसाशिवाय 60 दिवस राहायची मुभा दिली, पण ते दिवस कमी करायच्या बातम्या अधूनमधून येत असतात, म्हणून बघूनच जा. मलेशियाने डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला आणि नंतर ती सवलत 2026 संपेपर्यंत वाढवली. सिंगापूरला मात्र व्हिसा लागतोच, आणि तो स्वतः काउंटरवर जाऊन मिळत नाही, त्यांच्या अधिकृत एजंटकडून अर्ज जातो, फी 30 सिंगापूर डॉलर, वर एजंटचा चार्ज. इंडोनेशिया म्हणजे बाली, तिथे उतरल्यावर व्हिसा मिळतो, 5 लाख रुपिया. आकडा ऐकून घाबरू नका, त्यांचा रुपिया आहे तो. त्याशिवाय बालीला पर्यटकांसाठी दीड लाख रुपियाची वेगळी फी 2024 पासून सुरू झालीय.

व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या होतो, एका एन्ट्रीचे 25 डॉलर, पण फॉर्म भरताना डोळे उघडे ठेवा. त्यात तुम्ही कुठल्या तारखेपासून येणार ते टाकावं लागतं आणि त्या तारखेच्या एक दिवस आधी जरी पोचलात तरी आत घेत नाहीत. पासपोर्ट नंबरात एक आकडा चुकला, जन्मतारखेत दिवस-महिना उलटे झाले, तर तो व्हिसा कागदाचा कपटाच. आपल्याकडे दिवस आधी लिहितात, काही फॉर्मवर महिना आधी असतो, रकान्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा. आणि व्हिसा ईमेलवर आल्या आल्या पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा, तेव्हाच लक्षात आलं तर परत अर्ज करायला वेळ मिळतो.

युरोप म्हणजे शेंगेन, एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश, याचं काम सगळ्यात लांब. फी 90 युरो, निघायच्या 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कमीत कमी 15 दिवस आधी करावाच लागतो, पण 15 दिवसांवर ठेवू नका हो, सीझनमध्ये अपॉइंटमेंटच मिळत नाही. बोटांचे ठसे द्यायला मुंबई नाहीतर पुण्याला जावं लागतं, पण एकदा दिले की 59 महिने चालतात. मेडिकल इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा, हा नसेल तर अर्ज जातच नाही. ऑक्टोबर 2025 पासून तिथे शिक्क्याऐवजी फोटो आणि ठसे घेऊन कॉम्प्युटरवर एन्ट्री-एक्झिट नोंदवायला सुरुवात झालीय, त्यामुळे पहिल्या वेळेला लाईन जास्त लागते, लगेच पुढची फ्लाइट असेल तर मध्ये वेळ सोडा.

नेपाळला पासपोर्टची पण गरज नाही, मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्डावर विमानात बसवतील या भरवशावर मात्र जाऊ नका.

केनिया-टांझानियाकडे सफारीला चालला असाल तर यलो फीव्हरची लस, प्रवासाच्या निदान 10 दिवस आधी, सरकारमान्य सेंटरमध्येच घ्यायची आणि ते पिवळं कार्ड जपून ठेवायचं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. तिकडे जाताना विचारलं नाही तरी परत येताना आपलंच सरकार विचारतं, कार्ड नसेल तर 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

अरायव्हल कार्ड, आणि त्याच्या नावाखालची लूट

विमानात एअर होस्टेस छोटा फॉर्म वाटायची आणि सगळे एकमेकांकडे पेन मागायचे ते दिवस बऱ्याच देशांत संपले. आता ते ऑनलाइन भरायचं असतं, आणि व्हिसामुक्त देशालाही ते लागतं, इथेच लोक फसतात. व्हिसा लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही असं नाही.

थायलंडचं अरायव्हल कार्ड म्हणजे टीडीएसी 1 मे 2025 पासून, मलेशियाचं एमडीएसी 2024 च्या सुरुवातीपासून, सिंगापूरचं एसजी अरायव्हल कार्ड. तिन्ही पोचायच्या आधीच्या 3 दिवसांत भरायची, महिनाभर आधी साइट उघडून बसलात तर ती तुमची तारीख घेत नाही. प्रत्येक माणसाचं वेगळं, तान्ह्या बाळाचंसुद्धा. आणि सिंगापूरवाल्यांनी लक्षात घ्या की अरायव्हल कार्ड म्हणजे व्हिसा नाही, दोन्ही लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही तिन्ही कार्डं फुकट आहेत. फुकट म्हणजे फुकट, एक रुपया नाही. पण गुगलवर नाव टाकलं की वरती जाहिरातीत हुबेहूब सरकारी वाटणाऱ्या साइट येतात, झेंडा वगैरे लावलेला, आणि शेवटच्या पानावर कार्डचा नंबर मागतात. पैसे जातातच, शिवाय पासपोर्टचा फोटो कोणाकडे गेला ते देवाला माहीत. साइटच्या पत्त्याचा शेवट बघायची सवय लावा. सिंगापूरच्या सरकारी साइटचा शेवट डॉट गव्ह डॉट एसजी असा असतो, थायलंडच्या शेवटी डॉट गो डॉट टीएच, मलेशियाच्या शेवटी डॉट गव्ह डॉट एमवाय. शेवट नुसता डॉट कॉम नाहीतर डॉट ऑर्ग असेल तर बाहेर पडा. एजंटने पॅकेजमध्ये अरायव्हल कार्डचे वेगळे पैसे लावले असतील तर त्याला विचारा कशाचे, त्याच्या भरण्याच्या मेहनतीचे घेत असेल तर तसं सांगू दे.

भरताना फ्लाइट नंबर तो टाकायचा ज्या विमानाने तुम्ही त्या देशात उतरणार. मुंबई-कोलंबो-बँकॉक असं असेल तर कोलंबोहून सुटणाऱ्याचा. हॉटेलचा पत्ता पिनकोडसकट लागतो. झालं की ईमेलवर क्यूआर येतो, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि आईबाबांसाठी प्रिंट काढा, कारण तिथे उतरल्यावर वायफाय लागेलच असं नाही.

रात्रीच्या फ्लाइटची तारीख

यात भलेभले गडबडतात म्हणून वेगळं लिहितोय. मुंबईहून परदेशी जाणारी खूप विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर 12 मे, 00:40 असं लिहिलंय म्हणजे तुम्हाला नाशिकहून 11 तारखेला दुपारीच निघायचंय. 12 च्या संध्याकाळी गाडी सांगून ठेवलीत तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल. अरायव्हल कार्डवर, हॉटेल बुकिंगवर, व्हिसावर सगळीकडे पोचायची तारीख टाकायची, घर सोडायची नाही.

स्वस्तातलं तिकीट आणि ट्रान्झिट

दोन-तीन ठिकाणी थांबत जाणारं तिकीट स्वस्त दिसतं, पण मधल्या देशाचे नियम पण लागू होतात. अमेरिकेत ट्रान्झिट, म्हणजे एअरपोर्टच्या आतल्या आत विमान बदलणं, असा प्रकारच नाही, पुढे मेक्सिकोला जायचं असलं तरी अमेरिकेचं इमिग्रेशन करावं लागतं म्हणजे व्हिसा पाहिजे. कॅनडातून जायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. दुबई-दोहा-सिंगापूरला एकाच तिकिटावर, बॅग थेट पुढे जात असेल आणि तुम्ही एअरपोर्टच्या आतच बसणार असाल तर प्रश्न नाही. पण दोन वेगवेगळी तिकिटं वेगवेगळ्या एअरलाइनची काढली असतील तर बॅग घ्यायला बाहेर यावं लागतं आणि बाहेर यायचं म्हणजे त्या देशात एन्ट्री. केलेली बचत यामुळे पाण्यात जाऊ शकते, तेव्हा नवख्यांनी एकाच पीएनआरवर तिकीट काढावं हे बरं.

हातातली फाईल

फोनमध्ये सगळं असतं हो, पण फोनची बॅटरी उतरते. एक प्लॅस्टिकचं फोल्डर घ्या, त्यात पासपोर्टची झेरॉक्स, व्हिसा, परतीचं तिकीट, प्रत्येक रात्रीचं हॉटेल, इन्शुरन्स, अरायव्हल कार्ड. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांचं निमंत्रण पत्र, पूर्ण पत्ता, तिथला मोबाइल नंबर आणि त्यांच्या व्हिसाची किंवा ओळखपत्राची कॉपी. घरातल्या प्रत्येकाची फाईल वेगळी करा, सगळं बाबांच्या बॅगेत ठेवू नका, कारण कधीकधी काउंटरवर एकेकाला बोलावतात.

मूल फक्त आईबरोबर किंवा फक्त आजीआजोबांबरोबर चाललं असेल तर न आलेल्या पालकाचं संमतीपत्र नोटरी करून घ्या. सगळीकडे मागत नाहीत, पण मागितलं तर त्या क्षणी दुसरं काही चालत नाही.

पैसे. नोटांच्या स्वरूपात एका ट्रिपला 3000 डॉलरपर्यंत परकीय चलन नेता येतं, बाकीचं फॉरेक्स कार्डवर (आधीच परकीय चलन भरून घेतलेलं कार्ड). भारतीय रुपये 25,000 पर्यंत जवळ ठेवता येतात, परत आल्यावर टॅक्सीला लागतातच. चलन घेतल्याची पावती टाकू नका. खिशात शून्य रोकड आणि सगळं यूपीआयवर, असं तिकडच्या ऑफिसरसमोर चालत नाही, खर्चाला पैसे दाखवा म्हटलं तर कार्ड आणि थोडी रोकड दोन्ही असू दे.

बॅगेत काय भरताय?

आता खरी मजा, कारण आपल्या घरून कोणी रिकाम्या हाताने जात नाही. लेकीला मसाला, जावयाला चिवडा, शेजाऱ्यांसाठी बेदाणे.

खसखस. परत सांगतो, खसखस. यूएई, सौदी आणि सिंगापूरला ती बंदी असलेल्या पदार्थात धरतात, अफूच्या झाडाची बी आहे ना ती. आपल्याकडे किराणा दुकानात सुटी मिळते म्हणून डोक्यातच येत नाही. आणि नुसती पुडी नाही तर अनारसे, खसखस लावलेले कडबोळे, डिंकाचे लाडू, घरचा काळा मसाला ज्यात खसखस भाजून घातलीय, हे सगळं आठवा. दुबईला भावाकडे दिवाळीला फराळ नेताना आईला अनारसे नको म्हणून सांगायचं म्हणजे धर्मसंकट, पण सांगा. मसाला खसखस न घालता वेगळा करून घेता येतो.

औषधं. डॉक्टरांच्या चिठ्ठीची इंग्रजी कॉपी, औषधं स्ट्रिपमध्येच, डब्यात काढून ठेवलेल्या सुट्या गोळ्या नकोत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारखी दुखण्यावरची गोळी, झोपेच्या गोळ्या यांना यूएईमध्ये आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते, सिंगापूरलाही अशा औषधांचे कडक नियम आहेत. आजीची आयुर्वेदिक चूर्णं लेबल नसलेल्या पुडीत अजिबात नको, पांढरी-करडी पूड बघून कोणालाही शंका येणारच. सीलबंद डबीत दुकानाचं लेबल असलेलं घ्या.

ताजी फळं, भाज्या, बिया, रोपं नको. द्राक्षाचा सीझन आहे म्हणून दोन किलो सोनाका अमेरिकेला न्यायचा विचार असेल तर सोडून द्या, तुळशीचं बी आणि कढीपत्त्याची फांदीसुद्धा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यात सगळ्यात कडक, तिथे पेढे-बर्फीसारखी दुधाची मिठाईपण अडकते. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात खायचं काहीही नेत असाल तर डिक्लेअर करा, हो म्हणून टिक करा. डिक्लेअर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड होतो आणि पुढच्या प्रत्येक वेळी तुमचं नाव वर येतं. चिवडा, चकली, पॅकबंद मसाले, लोणचं डिक्लेअर केलं की सहसा जाऊ देतात, फक्त लोणचं-तूप चेक-इन बॅगेत, केबिनमध्ये 100 मिलीच्या वर पातळ काही चालत नाही.

व्हेप कोणाच्या खिशात असेल तर घरीच ठेवा, सिंगापूर आणि थायलंड दोन्हीकडे बंदी आहे, आपल्याकडेही 2019 पासून आहेच. सिंगापूरला सिगारेटची एकही ड्युटी-फ्री सूट नाही, आणि च्युइंगम विकायला न्यायची बंदी 1992 पासूनची आहे. थायलंडला माणशी 1 लिटर दारू आणि 200 सिगारेट एवढंच, त्यामुळे मित्रांसाठी आपल्या नाशिकच्या वाइनची पेटी वगैरे बेत असेल तर हिशोब करा. आणि ओळखी-अनोळखी कोणीही तिकडे द्यायला म्हणून बंद पुडकं दिलं तर उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका, राग आला तर येऊ दे.

नाशिक ते मुंबई, मग काउंटर

इंटरनॅशनलला 3 तास आधी टी-टूला (टर्मिनल 2) पोचायचं, काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं आणि बंद म्हणजे बंद. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याचं ट्रॅफिक तसंच आहे, ते कुठल्याही वेळेला लागतं. पावसाळ्यात तर अजून दोन तास जास्तीचे धरा, एअरपोर्टवर बसून कंटाळलेलं परवडलं. अर्ध्या रस्त्यातनं ते डिजियात्रा (चेहरा दाखवून आत जायचं ॲप) वापरू म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्या, ते देशातल्या फ्लाइटला आहे, परदेशी जाताना पासपोर्टच दाखवायचा.

काउंटरवर फाईल उघडी ठेवा, विचारतील ते द्या, न विचारलेलं पुढे करू नका. मग इमिग्रेशन. भारतीयांना जाताना फॉर्म भरावा लागायचा तो जुलै 2017 पासून बंद झालाय, कोणी विकत द्यायला आलं तर हसून पुढे जा. नेहमी जाणारे असाल तर फास्ट ट्रॅक इमिग्रेशनला ऑनलाइन नाव नोंदवा, मुंबईत जानेवारी 2025 पासून आहे, फुकट आहे, एकदा ठसे दिले की ई-गेटमधनं जाता येतं.

उतरल्यावर

बोर्ड बघत चला, अरायव्हल्स आणि इमिग्रेशन. ट्रान्सफरच्या लाईनीत शिरू नका. परदेशी पासपोर्टची लाईन आपली. लाईनीत फोन कानाला लावू नका, फोटो तर मुळीच काढू नका. टोपी-गॉगल काढा, बोटं पुसून ठेवा, म्हाताऱ्या माणसांचे ठसे पटकन उमटत नाहीत, थोडं दाबून ठेवायला सांगतील.

प्रश्न तीन-चारच असतात, कशाला आलात, किती दिवस, कुठे राहणार, परत कधी. उत्तर तेवढंच. सात दिवस, हे हॉटेल, फिरायला. पाठ करून आलेलं भाषण नको आणि सगळा वंशवेल पण नको. नवरा-बायको दोघांची उत्तरं जुळली पाहिजेत, त्यामुळे हॉटेलचं नाव दोघांनाही माहीत असू दे. कळलं नाही तर खरंच कळलं नाही म्हणा, अंदाजाने येस म्हणू नका. आईबाबांना इंग्रजी येत नसेल तर एका कागदावर मुलाचं नाव, पत्ता, फोन, किती दिवस राहणार आणि परतीची तारीख इंग्रजीत लिहून द्या, शिवाय मोठ्या एअरपोर्टवर भाषांतर करणारा मागता येतो.

अमेरिकेवाल्या आईबाबांसाठी दोन शब्द जास्त. तुम्ही लेकीला आणि नातवाला भेटायला चाललात, तेच सांगा. विझिटर व्हिसावर काम करता येत नाही आणि बाळ सांभाळायला आलोय म्हटलं की ऑफिसरच्या डोक्यात कामाचा विचार येतो, मग आत बसवून तासभर चौकशी. अमेरिकेत ज्या पहिल्या एअरपोर्टला उतराल तिथेच बॅगा पट्ट्यावरून घ्यायच्या, कस्टममधून न्यायच्या आणि परत पुढच्या फ्लाइटला सोडायच्या, मुंबईत शेवटच्या गावापर्यंत टॅग लावला असला तरी. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांचं अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच होतं, तिथे दोन फ्लाइटच्या मध्ये वेळ भरपूर पाहिजे.

आत बाजूच्या खोलीत बसायला सांगितलं तर घाबरू नका, आवाज चढवू नका. बऱ्याचदा नावासारखं नाव निघतं किंवा कागद एक कमी असतो, बघून सोडतात. फाईल हातात आहेच.

शिक्का मारला की तिथेच, काउंटर सोडायच्या आधी, तारीख वाचा. व्हिसा किती वर्षांचा आहे आणि राहायला किती दिवस दिलेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेचा व्हिसा 10 वर्षांचा असतो पण एका वेळेला राहायला सहसा 6 महिने मिळतात आणि ती तारीख आय-94 म्हणून त्यांच्या साइटवर दिसते, मुलाला सांगून दुसऱ्या दिवशी प्रिंट काढून घ्या. सिंगापूर शिक्का मारतच नाही, किती दिवस दिले ते ईमेलवर येतं, म्हणून अरायव्हल कार्डवर एजंटचा नाही, स्वतःचाच ईमेल टाका. युरोपात कुठल्याही 180 दिवसांत 90 च. दुबईत जास्त राहिलात तर दिवसाला 50 दिरहॅम दंड, आणि तो जाताना एअरपोर्टवर घेतातच.

मग कस्टमचे दोन दरवाजे, हिरवा आणि लाल. काही सांगण्यासारखं नसेल तर हिरवा. जवळ त्या देशाच्या मर्यादेच्या वर रोकड असेल, खाण्याचं डिक्लेअर केलं असेल, औषधाबद्दल शंका असेल तर सरळ लाल दरवाजाने जा आणि आधी स्वतःच विचारा, दहा मिनिटांचं काम असतं.